पाळणा कोणत्या भिंतीला?

जुन्या वाड्यांत माजघराच्या तुळईला एक लोखंडी कडी ठोकलेली असायची. घरात मूल जन्मलं की माळ्यावरचा पाळणा खाली यायचा, धुऊनपुसून बारशाच्या दिवशी त्या कडीला टांगला जायचा. पाळणा कुठे, हा प्रश्न कुणाला पडायचाच नाही. कडी तिथे पाळणा. ज्या कुणी ती पहिल्यांदा ठोकली त्यानं थोडा विचार केला असणार. स्वयंपाकघराच्या जवळ, पण चुलीच्या धुरात नाही. येता-जाता बाईचा हात दोरीला लागेल अशी, पण वाटेच्या मधोमध नाही.

आताच्या फ्लॅटमध्ये स्लॅबला हूक एकच, आणि त्याला पंखा लटकलेला. पाळणा येतो तो स्टँडचा, नाहीतर चार बाजूंनी कठडे असलेला कॉट. त्याला चाकं असतात, कुठेही ढकलता येतो. ही सोय झाली आणि वाद सुरू झाला. आजी म्हणते, खिडकीशी ठेवा, ऊन लागेल. बाबा म्हणतात, एसीच्या समोर ठेवू, घामोळं येणार नाही. आत्याचं म्हणणं, दारामागचा कोपराच बरा, येणाऱ्या-जाणाऱ्याची नजर पडायला नको. आणि बाळंतीण, जिचे टाके अजून ओले आहेत, ती म्हणते, कुठेही ठेवा, फक्त रात्री मला लांब उठून जायला लावू नका.

चौघांत सगळ्यात कमी बोलली ती, आणि बालरोगतज्ज्ञही तिच्याच बाजूचे आहेत. पाळण्याच्या जागेबद्दल आजवर जे काही कळलंय ते दोन मापांत सांगता येतं: आईचा हात पाळण्यापर्यंत पोचला पाहिजे, आणि पाळण्यातून बाळाचा हात दुसऱ्या कशालाही पोचता कामा नये. ऊन, वारा, भिंत, आवाज हे सगळं या दोन मापांत बसवायचं.

वेगळी खोली हवीच का?

गुलाबी भिंती, ढगांचा वॉलपेपर, मधोमध पांढरा कॉट अशी बाळाची स्वतंत्र खोली आपण चित्रांत पाहतो. ही कल्पना इंग्लंड-अमेरिकेतल्या सुखवस्तू घरांतून आली. व्हिक्टोरियन काळातल्या श्रीमंत घरांत मुलांची खोली बहुधा वरच्या मजल्यावर असे आणि तिथे दाई सांभाळायला असे. आपल्याकडे दाई नाही आणि वरचा मजला दुसऱ्याचा.

गंमत अशी, की ज्या अमेरिकेतून ही चित्रं येतात तिथल्याच बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं, अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सनं, २०२२ साली पुन्हा बजावून सांगितलं, की निदान पहिले सहा महिने बाळानं आईवडिलांच्याच खोलीत झोपावं. ब्रिटनमधला सल्लाही हाच आहे. म्हणजे दोन खोल्यांच्या घरात बाळासाठी वेगळी खोली काढता आली नाही, म्हणून कुणी मन खट्टू करायचं कारण नाही.

त्या सल्ल्याचं दुसरं अर्धं वाक्य मात्र आपल्याला जड जातं: खोली तीच, पण अंथरूण वेगळं. आपल्याकडे बाळ आईच्या कुशीत झोपणं हीच पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. पण आजीच्या काळातलं अंथरूण म्हणजे जमिनीवरची सतरंजी आणि वर पातळ गादी. आजचा पलंग म्हणजे आठ इंची फोम, चार उशा, जाड ब्लँकेट आणि भिंत नि गादी यांच्यामधली एक फट. तान्ह्या बाळाला मान वळवून नाक मोकळं करता येत नाही आणि त्या फटीतून बाहेरही येता येत नाही. सोफ्यावर बाळाला छातीशी घेऊन डुलकी लागणं तर पलंगापेक्षाही धोक्याचं. म्हणून मधला मार्ग: पाळणा आईच्या पलंगाला लागून, ती ज्या कुशीवरून उठते त्या बाजूला. तान्हं बाळ चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पितं. सिझेरियन झालेल्या बाईला प्रत्येक वेळी वाकून, चार पावलं चालून बाळ उचलावं लागलं, तर तिसऱ्या रात्री ते बाळ तिच्याच अंथरुणात झोपलेलं असेल. पाळणा हाताशी असेल, त्याची गादी पलंगाच्या उंचीला असेल, तर पाजून झाल्यावर बाळ परत ठेवणं जमतं. सल्ला पाळला जातो की नाही, हे शेवटी असं फुटांवर ठरतं.

एक खोली घेऊन पाहू

दहा बाय अकराची झोपायची खोली डोळ्यांसमोर आणू. पश्चिमेची भिंत बाहेरची. तिच्यात खिडकी, खिडकीवर एसी. उत्तरेची भिंत बाथरूमला लागून. दक्षिणेच्या भिंतीपलीकडे हॉल. पूर्वेच्या भिंतीत एका टोकाला दार.

पश्चिमेची भिंत आधी पाहू, कारण आजी आणि बाबा दोघांचंही बोट तिकडेच आहे. मे महिन्यात विदर्भात, किंवा कुठल्याही गावात सर्वांत वरच्या मजल्यावर, संध्याकाळी सात वाजता या भिंतीला हात लावून पाहावा. दिवसभर खाल्लेलं ऊन ती रात्रभर ओकत असते. डिसेंबरात नाशिककडे नेमकं उलट होतं. भिंत गार पडते आणि जवळच्या उबदार अंगातली ऊब ओढून घेते. हवेचं तापमान ठीक असलं तरी हे घडतं. उन्हाळ्यात शेकोटीपाशी बसल्यासारखं, थंडीत बर्फाच्या लादीशेजारी बसल्यासारखं.

मोठ्या माणसाला यानं फारसा फरक पडत नाही, बाळाला पडतो. वजनाच्या मानानं तान्ह्या बाळाची कातडी मोठ्या माणसाच्या अडीच-तीन पट पसरलेली असते. तेवढ्या वाटेनं ऊब येते नि जाते. त्याला हुडहुडी भरत नाही. मान आणि खांद्यांमागे असलेल्या तपकिरी चरबीची छोटी साठवण जाळून ते ऊब तयार करतं. घामाची यंत्रणाही पुरती सुरू झालेली नसते. बाळाचं तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सियसमध्ये राहायला हवं, आणि ते राखायचं काम निम्मं त्याचं, निम्मं खोलीचं. म्हणून पाळणा बाहेरच्या भिंतीला नको. आतली, दोन्ही बाजूंना घरच असलेली भिंत सगळ्यांत समशीतोष्ण.

खिडकीशी ऊन मिळेल, या आजीच्या मुद्द्यामागे एक खरी गोष्ट आहे. इंग्लंडमध्ये एसेक्स परगण्यातल्या रॉचफर्डच्या रुग्णालयात १९५६ साली जीन वॉर्ड नावाच्या परिचारिका बाळांना अंगणातल्या उन्हात नेत असत. एका कावीळ झालेल्या बाळाच्या अंगावर जिथे ऊन पडलं तिथली कातडी उजळ दिसली आणि कापडाखालची पिवळीच राहिली. त्यावरून डॉ. रिचर्ड क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोग केले, १९५८ मध्ये निष्कर्ष छापले, आणि आज नवजात बाळांच्या विभागात जो निळा प्रकाश दिसतो त्याची सुरुवात झाली. प्रकाशानं कावीळ उतरते, हे आजीचं म्हणणं खोटं नाही. पण रुग्णालयातला प्रकाश मोजूनमापून दिलेला असतो, आणि खिडकीतल्या उन्हाचा हिशेब कुणाकडे नसतो. बाळ पिवळं दिसत असेल तर त्याला खिडकीशी हलवायचं नसतं, डॉक्टरकडे न्यायचं असतं. ‘ड’ जीवनसत्त्वासाठीही काचेतून येणारं ऊन कामाचं नाही. ते तयार करणारे किरण काच बहुतांश अडवते. डॉक्टर म्हणूनच वर्षभर रोज ४०० युनिटचे थेंब देतात. ऊन दाखवायचं असेल तर बाळाला मांडीवर घेऊन पाच मिनिटं गॅलरीत बसावं. पाळणा तिथे न्यायची गरज नाही.

खिडकीची आणखी एक भानगड म्हणजे दोऱ्या. ब्लाइंड्सची दोरी, पडद्याचा गोंडा, गॅलरीतल्या कपड्यांच्या दांडीची लोंबणारी सुतळी. बाळाच्या गळ्याभोवती दोरीचा फास बसायला काही मिनिटंही लागत नाहीत आणि त्यात आवाज होत नाही. पुढे बाळ कठडा धरून उभं राहायला लागलं, की खिडकीपाशी ठेवलेला कॉट म्हणजे ग्रिलवर चढायची पहिली पायरी.

बाबांच्या एसीबद्दल एवढंच, की खोली गार करावी, बाळाला नाही. झोत वर किंवा पलीकडच्या भिंतीकडे वळवावा. पंख्याचंही तेच. खोलीतली हवा खेळती असणं चांगलं, पण पाळणा बरोबर पंख्याखाली नको. कूलर असेल तर तो खिडकीबाहेर, आणि पाळणा त्याच्या सरळ रेषेत नाही.

उत्तरेच्या भिंतीपलीकडे बाथरूम. पावसाळ्यात कोकणात, मुंबईत अशा भिंतीवर हटकून ओल धरते, पोपडे सुटतात, काळी बुरशी येते. तिथे पाळण्याऐवजी कपाट ठेवावं, तेही भिंतीला स्क्रूनं पक्कं करून. आत्याचा दारामागचा कोपरा तर रद्दच. दार उघडताना धडकणार आणि बाळ दिसणार नाही. नजर लागू नये म्हणून लपवलेलं बाळ आईच्या नजरेलाही पडत नाही.

उरली दक्षिणेची भिंत, हॉलच्या बाजूची. पलंगाचं डोकं पूर्वेच्या भिंतीला, पाळणा पलंगाच्या दक्षिणेला आणि या भिंतीलगत, दोघांच्या मधे पाय टाकण्यापुरती जागा. खिडकी सहा फूट लांब, दार समोरच्या टोकाला, आईचा हात पाळण्यावर. मग एकच काम राहतं: त्या भिंतीवरचं सगळं उतरवायचं. फोटोफ्रेम, घड्याळ, देवाची तसबीर, पुस्तकांची फळी. भूकंप नको, पलीकडच्या हॉलमध्ये कुणी ड्रिलिंग केलं तरी खिळा सुटतो. आणि शेजारी स्विचबोर्ड असेल तर पाळणा निदान हातभर सरकवायचा. मोबाइलच्या चार्जरची वायर पाळण्यावरून गेलेली आपल्याला दिसत नाही, कारण आपणच ती रोज तिथे टाकतो.

डोकं कुणीकडे?

बाळाला पाठीवर निजवायचं, हा आज जगभरचा नियम आहे. पण तो नियम तरुण आहे. डॉ. बेंजामिन स्पॉक यांच्या बालसंगोपनावरच्या गाजलेल्या पुस्तकात १९५०च्या दशकापासून बाळाला पालथं निजवण्याचा सल्ला होता. उताणं बाळ ओकलं तर घुसमटेल, हे त्यामागचं कारण. पश्चिमेकडच्या लाखो घरांनी तो मानला. १९८५ साली हाँगकाँगमधले बालरोगतज्ज्ञ डी. पी. डेव्हिस यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एक प्रश्न मांडला: पश्चिमेत पाळण्यातल्या आकस्मिक मृत्यूंनी आया हादरल्या आहेत, मग हाँगकाँगमध्ये तसे मृत्यू इतके दुर्मीळ का? तिथे बाळं उताणी झोपत. पुढे ब्रिटनमध्ये १९९१ला आणि अमेरिकेत १९९४ला पाठीवर निजवण्याची मोहीम झाली, आणि काही वर्षांतच अमेरिकेत असे मृत्यू निम्म्यावर आले. औषध नाही, यंत्र नाही, फक्त कूस बदलली. आपल्या पाळण्यात बाळ उताणंच ठेवतात. हा मान आजीचा.

मात्र उताण्या झोपेची एक खोड आहे. कवटी अजून मऊ असते आणि बाळ नेहमी एकाच बाजूला मान वळवत राहिलं, तर डोकं त्या बाजूला चपटं होतं. ते कुठे वळवणार? जिथून आई येते, जिथून उजेड येतो तिथे. पाळणा भिंतीला लागून असला की एका बाजूला कोरी भिंत आणि दुसऱ्या बाजूला सगळं जग, मग बाळ भिंतीकडे कशाला पाहील? उपाय सोपा. दर काही दिवसांनी बाळाचं डोकं पाळण्याच्या दुसऱ्या टोकाला करायचं. पाळणा तिथेच, बाळ उलटं. आता जग दुसऱ्या हाताला आलं. शिवाय जागं असताना, आपण समोर असताना, रोज थोडा वेळ पालथं ठेवायचं. डोकं गोल व्हावं म्हणून घरोघरी मोहरीची उशी शिवतात. हौस म्हणून बारशाच्या फोटोत ठेवा, झोपेत काढून घ्या. पाळण्यात सपाट, टणक गादी आणि ताणून बसवलेली चादर एवढंच हवं. उशी, लोड, जाड दुपटं, कठड्याला बांधायचे गुबगुबीत तक्के नकोत. त्या तक्क्यांवर अमेरिकेनं २०२२ साली कायद्यानंच बंदी घातली.

इथे घरातलं कुणीतरी विचारतंच: डोकं उत्तरेला चालेल का? वाद घालण्यापेक्षा पाळणा पूर्व-पश्चिम ठेवावा. डोकं या टोकाला केलं काय नि त्या टोकाला काय, उत्तर येतच नाही. वर मांडलेल्या खोलीत आपण तसाच ठेवलाय.

साडीची झोळी हा वेगळा विषय. झोळीत बाळ लवकर शांत होतं, हे खरं. पण तिच्या खोलगट आकारात हनुवटी छातीला टेकते आणि मऊ श्वासनलिका दबते. दहा अंशांहून जास्त कललेली जागा झोपायला नको, असं तज्ज्ञ सांगतात. झोळी ती मर्यादा सहज ओलांडते. कुणीतरी शेजारी बसून झोका देतंय तोवर ठीक. डोळा लागला की बाळाला सपाट गादीवर ठेवावं.

डास, धूर आणि आवाज

डेंग्यूचा डास दिवसाही चावतो, म्हणून मच्छरदाणी रात्रीपुरती नाही. ती ताणलेली हवी, बाळाच्या हाताला लागेल अशी सैल नको. बंद खोलीत कॉइल मात्र लावू नये. एक कॉइल जळताना जे सूक्ष्म कण हवेत जातात ते वजनानं ७५ ते १३७ सिगारेटींच्या कणांइतके असतात, असं २००३ साली एका अभ्यासात मोजलं गेलं. घरात सिगारेट ओढणाऱ्याला आपण गॅलरीत पाठवतो, कॉइल मात्र पाळण्याखाली सरकवतो.

ओवा-वावडिंगाची धुरी, बाजेखालची शेगडी यांचंही तेच. जुन्या घरांत कौलांतून हवा खेळायची. स्लायडिंग खिडकी लावलेल्या फ्लॅटमध्ये कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड कुठे जाणार? त्याला वास नसतो, रंग नसतो. आणि खोलीचं दार स्वयंपाकघरासमोर असेल, तर पाळणा दाराच्या रेषेत नको. मिरचीच्या फोडणीनं मोठ्यांना ठसका लागतो, तर बाळाचं काय?

झोपवण्यासाठी पावसाचा, समुद्राचा आवाज काढणारी यंत्रं हल्ली मिळतात. टोरांटोच्या संशोधकांनी २०१४ साली अशी १४ यंत्रं पूर्ण आवाजात तपासली. एक फुटावर सगळीच रुग्णालयातल्या बाळांसाठी ठरवलेल्या ५० डेसिबलच्या मर्यादेपलीकडे गेली आणि तीन तर ८५च्याही वर. लावायचंच असेल तर आवाज बारीक ठेवून खोलीच्या पलीकडच्या टोकाला. मोबाइलवर लावून तो उशाशी ठेवणं त्याहून वाईट, कारण वायरसकट तो पाळण्यात येतो. दिवसा घरातल्या कुजबुजीची, भांड्यांची, रेडिओची मात्र चिंता नको. बाळाला दिवस-रात्र कळायला दोन-तीन महिने लागतात. दिवसा उजेड आणि घराचा आवाज, रात्री अंधार आणि शांतता, यातूनच ते शिकतं.

मापं बदलतात

आजोळचा सागवानी पाळणा काढला असेल तर आधी फूटपट्टी घ्या. कठड्याच्या दोन गजांमध्ये सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त अंतर नको. जास्त असेल तर बाळाचं अंग त्यातून घसरतं आणि डोकं अडकतं. गादी आणि कठडा यांच्यात दोन बोटांहून जास्त फट नको. कडीकोयंडे, साखळ्या हलवून पाहा. जुना रंग सुटत असेल तर तो पाळणा बाळासाठी वापरू नका. जुन्या रंगांत शिसं असायचं, आणि दात येणारं बाळ कठडा चावतंच.

मग एकदा, बाळ घरी यायच्या आधी, पाळण्याच्या जागी जमिनीवर स्वतः उताणं पडून पाहावं. दुपारी दोन वाजता आणि रात्री नऊ वाजता. ट्यूबलाइट थेट डोळ्यांत येते का? पंख्याचा झोत कपाळावर बसतो का? वर माळ्याच्या कडेला ठेवलेली सूटकेस दिसते का? उभ्यानं खोली पाहताना यातलं काहीच जाणवत नाही.

नवजात बाळाला वीत-दीड वीत अंतरावरचंच स्पष्ट दिसतं. म्हणून पाळण्यावरचं रंगीत चिमणाळं पहिले काही महिने शोभतं. चौथ्या महिन्यात बाळ त्याच्याकडे हात मारतं. पाचव्यात, हातांवर जोर देऊन छाती उचलू लागलं, की ते उतरवायचं. टांगता पाळणाही तेव्हाच बंद करायचा. त्याचे कठडे बुटके असतात आणि कुशीवर वळलेल्या बाळाच्या वजनानं तो कलंडतो. कॉट असेल तर गादी खालच्या कप्प्यावर न्यायची. नवव्या-दहाव्या महिन्यात बाळ उभं राहतं आणि काल जे हातभर लांब होतं ते आज हातात येतं: स्विच, पडदा, आईचं औषधांचं खोकं.

तेव्हा पाळणा पुन्हा सरकवावा लागेल. आई आता खडखडीत बरी झालेली असते, चार पावलं चालायला तिची हरकत नसते. बाळाचा हात मात्र लांबलेला असतो.